घरी येणारी फिजिओथेरपी: कोकणपट्टीतल्या घरांसाठी एक परखड परीक्षण

अंगावरून वारं गेलेलं माणूस दवाखान्यातून घरी आलं की चार दिवसांत कुणीतरी फोन नंबर आणून देतं. ‘हे घरी येतात, शेक देतात, करंट लावतात.’ अलिबाग, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा किनाऱ्यावरच्या तालुक्यांच्या गावी आता ही सेवा मिळू लागली आहे. भेटीमागे काहीशे रुपये, वाडी आत असेल तर पेट्रोलचे वेगळे, महिन्याचं पॅकेज घेतलं तर थोडं कमी. हे परीक्षण कुठल्या एका सेवेचं नाही, या प्रकारच्या सेवेचं आहे. आणि तिच्या मागोमाग घरात येणाऱ्या काठ्या, वॉकर, स्प्लिंट, पेडल यांचंही. कसोटी एकच लावली आहे: पक्षाघाताने बिघडलेला तोल आणि चाल यांत त्याने फरक पडतो का.

निकाल आधी सांगतो. चांगली फिजिओथेरपी घरी मिळत असेल तर या आजारात तिच्याइतके पैसे वसूल करून देणारं दुसरं काही नाही. पण पेशंट खाटेवर आडवा असताना मिळणारी फिजिओथेरपी, मग ती कितीही मायेने दिलेली असो, चालायला शिकवत नाही.

पाऊण तास जातो कुठे

नेहमीची भेट पाऊण तासाची असते. त्यात दहा मिनिटं शेक, पंधरा मिनिटं करंट, दहा-बारा मिनिटं हातपाय धरून हलवणं आणि उरलेल्या वेळात ‘चला, जरा उभे राहू या’. घरच्यांना यात गैर काही वाटत नाही. मशीन लावलं, दिवे लागले, म्हणजे उपचार झाला असं वाटतं. फिजिओलाही ते माहीत असतं, म्हणून तोही मशीन घेऊनच येतो. दोष एकट्या त्याचा नाही.

करंट अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. पाऊल वर उचलणाऱ्या, नडगीच्या पुढच्या स्नायूला तो चालतानाच, पाऊल उचलायच्या क्षणी मिळाला तर चालीला मदत होते. पण पेशंट पडून छताकडे बघतोय आणि पाय आपोआप उडतोय, यातून शिकणं फार कमी घडतं. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. त्याचं काम उरलेले भाग शिकून घेतात, आणि जे करायला लावाल तेच शिकतात. आडवं पडून गुडघा वाकवला तर आडवं पडून गुडघा वाकवणं सुधारतं. उठून उभं राहायचं असेल तर उठून उभं राहण्याचाच सराव लागतो, तोही दहा-वीस वेळा नव्हे, शेकड्यांनी. तेल मालिशीचंही तेच. अंग मोकळं वाटतं, झोप चांगली लागते, जरूर करा. पण तिला व्यायामाच्या हिशेबात धरू नका. लकव्यावर चोळायला सांगतात त्या कबुतराच्या रक्ताबद्दल तर बोलायलाच नको.

मोठ्या शहरातल्या महागड्या मशीनपायी आपलं काही राहून जातंय, ही रुखरुख अनेक घरांत असते. २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ४०८ रुग्णांवरचा अमेरिकेतला अभ्यास आला. काहींना पट्ट्याने शरीराचं वजन तोलून धरणाऱ्या ट्रेडमिलवर चालवलं, काहींना फिजिओने घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे, हळूहळू अवघड होत जाणारे व्यायाम दिले. वर्षाच्या शेवटी दोघांच्या चालीत फरक नव्हता. एकूण निम्म्याहून थोड्या जास्त लोकांची चाल वरच्या टप्प्यावर गेली होती. म्हणजे खळ्यातला व्यायाम मशीनला हार जात नाही. पण त्या घरच्या व्यायामाची मात्रा पाहा: ९० मिनिटांची ३६ सत्रं, १२ ते १६ आठवड्यांत. आपल्याकडचं बारा भेटींचं, पाऊण तासाचं पॅकेज म्हणजे बरोबर त्याचा सहावा हिस्सा, आणि त्यातही अर्धा वेळ शेक-करंट.

म्हणून सेवा पारखायची तर घड्याळ लावा. ४५ मिनिटांपैकी किमान २५ ते ३० मिनिटं पेशंट पायावर असला पाहिजे किंवा उठ-बस करत असला पाहिजे. मध्ये विश्रांती हवीच, पण ती खुर्चीत. पावलंही मोजा. अमेरिका-कॅनडातल्या केंद्रांचं निरीक्षण २००९ साली प्रसिद्ध झालं, तिथेसुद्धा चालण्याच्या सरावात एका सत्राला सरासरी साडेतीनशेच्या आसपासच पावलं भरली होती, आणि ते कमी आहे अशीच ओरड झाली. आपल्याकडे ‘माजघरातून पडवीपर्यंत दोन फेऱ्या’ म्हणजे पन्नास-साठ पावलं.

पहिल्या भेटीत काय व्हायला हवं

रक्तदाब बसून आणि मग उभं राहिल्यावर एक ते तीन मिनिटांत, असा दोनदा घेतला पाहिजे. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर ‘तोल जातोय’ ही तक्रार मेंदूची नसून गोळ्यांची किंवा कमी पाणी पिण्याची असू शकते, आणि ते डॉक्टरांना कळवायला हवं. आकडा १८०/११० च्या वर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या दिवशी व्यायाम नाही.

मग मोजमाप. खळ्यात चुन्याने १० मीटरची रेघ मारायची, दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर मोकळे ठेवायचे (सुरुवात करताना आणि थांबताना चाल मंदावते, ते मोजायचं नसतं) आणि मधल्या १० मीटरला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवायचं. २५ सेकंदांहून जास्त लागले तर चाल घरापुरती आहे. साडेबारा सेकंदांच्या आत आलं तर बाजारात, एसटी स्टँडवर जाण्याइतकी. दुसरी चाचणी: खुर्चीतून उठून तीन मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं, १४ सेकंदांहून जास्त लागले तर पडण्याचा धोका गंभीरपणे घ्यावा. अनुभवी फिजिओ तोलाचं बर्ग मापनही करतात, १४ कृती, प्रत्येकीला ० ते ४, एकूण ५६ गुण. ४५ च्या खाली सावध राहायचं.

यातलं काहीही न मोजता ‘महिन्याभरात चालते करतो’ म्हणणारा माणूस महिन्याने ‘बराच फरक आहे’ एवढंच सांगू शकतो. आकडे लिहिलेली वही घरात राहिली पाहिजे, त्याच्या बॅगेत नव्हे.

आणि त्याने घर पाहिलं पाहिजे. उंबरठा किती उंच, न्हाणीघरात उतरायला पायरी आहे का, संडासाला जायची वाट कशी, रात्री दिवा कुठे. फक्त खाट आणि प्लग पाहून जाणाऱ्याला पुढच्या भेटीचे पैसे देण्याआधी विचार करा.

कामाचे व्यायाम

यादी लांबवत नाही. दोन-तीन व्यायाम नीट झाले तर बाकीचे त्यांच्या मागे येतात, आणि नीट न होण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत.

सगळ्यात मोलाचा, खुर्चीतून उठणं. खुर्ची लाकडी, जड, बिनहाताची किंवा हाताची, पाठ भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची खुर्ची नको. गुळगुळीत टाइल्सवर तिचे पाय फाकतात आणि माणूस बसायच्या क्षणी ती मागे सरकते. बैठकीची उंची सुरुवातीला ५० ते ५५ सेंटीमीटर, म्हणजे नेहमीच्या खुर्चीवर घडी घातलेली घोंगडी किंवा फळी. माणूस बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागात सरकतो. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, आणि अधू पाऊल चांगल्या पावलाच्या आणखी चार बोटं मागे. हे चार बोटांचं अंतर म्हणजेच अर्धा व्यायाम आहे. दोन्ही पावलं सारखी ठेवली किंवा अधू पाय पुढे राहिला, तर माणूस चांगल्या पायावर सगळा भार घेऊन उठतो, पाहणाऱ्याला ‘उठला की!’ असं वाटतं आणि अधू पायाला काहीच काम पडत नाही. मग दोन्ही हातांची बोटं गुंफून पुढे, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत वाकायचं, आणि मग उठायचं. बहुतेक जण वाकायचंच विसरतात, मागे रेलून हिसका देतात आणि धपकन परत बसतात. बसताना तीन मोजत सावकाश. दहा वेळा, मिनिटभर थांबून पुन्हा दहा, असे तीन फेर; दिवसातून दोनदा. तीसच्या तीस सहज जमले की फळी काढा. नंतर चांगल्या पायाखाली दहा सेंटीमीटरचा पाट घाला, म्हणजे भार आपोआप अधू पायावर येतो.

दुसरा व्यायाम स्वयंपाकघरातच होतो. ओट्यासमोर उभं राहायचं, मागे खुर्ची. चांगल्या पायाने समोरच्या पाटावर नुसती टिचकी मारायची आणि पाय परत जागेवर. पाटावर भार द्यायचा नाही. काम चांगला पाय करतोय असं दिसतं, पण तेवढा वेळ सगळं शरीर अधू पायावर तोललेलं असतं, आणि पुढे चालताना नेमकं तेच लागतं. पक्षाघातानंतरची चाल लंगडी दिसते ती बरेचदा अधू पाय उचलता येत नाही म्हणून नव्हे, तर त्याच्यावर उभं राहायचा भरवसा नसतो म्हणून. चांगला पाय घाईघाईने टेकवला जातो. इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, ओट्यावर हाताने इतका जोर दिला जातो की वजन हातावर जातं. तळहात न टेकवता फक्त बोटांची टोकं टेकवा. दुसरी, गुडघा मागच्या बाजूला फटकन जातो. तो तसा अडकवून उभं राहणं पेशंटला सोपं वाटतं, पण दिवसाला शेकडो वेळा मागे गेलेला गुडघा काही महिन्यांत दुखू लागतो. गुडघा किंचित सैल ठेवूनच करा. जमत नसेल तर पाटाची उंची कमी करा. पोटरी आखडलेली असली तरी गुडघा असाच मागे ढकलला जातो, म्हणून फिजिओने घोट्याची लवचीकता तपासायला हवी.

चालण्यासाठी समांतर दांड्या विकत घेऊ नका. पोफळीचे सरळ वासे किंवा जाड बांबू, तीन ते चार मीटर लांब, खांबांना आडवे बांधले की झालं. मांडव घालणाऱ्याला हे अर्ध्या तासाचं काम. उंची मनगटाच्या रेषेइतकी, दोघांत अंतर ६० ते ६५ सेंटीमीटर. पोफळीच्या सालीचे तुसे हाताला लागतात, तेवढे कोयतीने काढून घ्या, आणि पेशंटला आत सोडण्याआधी घरातल्या सगळ्यात जाड माणसाने त्यावर रेलून पाहावं. आत पुढे चालणं, मग आडवं, मग मागे. मागे चालणं लोकांना विचित्र वाटतं, पण खुर्चीकडे पाठ करून बसताना, दार ओढून घेताना, न्हाणीतून बाहेर येताना पाऊल मागेच टाकावं लागतं, आणि पडायला होतं ते अशाच जागी.

दांड्यांबाहेर आल्यावर जमिनीवर दोरी टाकून ओलांडणं, कळशीला वळसा घालून इंग्रजी आठाच्या आकारात फिरणं, चालता चालता नातवंडांची नावं उलट्या क्रमाने सांगणं. शेवटचं गमतीसाठी नाही. बोलायला लागलं की थांबणारा माणूस रस्त्यावर कुणी हाक मारली की तोल घालवतो.

मदतनीस अधू बाजूला, अर्धं पाऊल मागे उभा राहतो. काखेत हात घालून उचलायचं नाही, अधू हात धरून ओढायचं तर नाहीच; तो खांदा आधीच सैल असतो, एका हिसक्यात सांध्यातून खाली सरकतो आणि मग दुखण्यामुळे महिने वाया जातात. कमरेला रुंद कापडी पट्टा बांधा आणि तो धरा. दप्तराच्या पट्ट्याचं कापड शिवून घेतलं तरी काम भागतं. फिजिओ स्वतः पट्टा वापरत नसेल तर तो पडण्याचा विचार करत नाही असं समजा.

पडल्यावर जमिनीवरून उठणं कुणीच शिकवत नाही, ही या सेवेची आमच्या मते सगळ्यात मोठी उणीव. चांगल्या कुशीवर वळायचं, कोपरावर, मग हातावर येऊन बसायचं, खुर्ची जवळ ओढून घ्यायची, गुडघ्यांवर यायचं, चांगला पाय पुढे रोवायचा आणि खुर्चीच्या आधाराने उठायचं. दुपारी घरात बाई एकटीच असते, वाडीतले बाप्ये बागेत किंवा होडीवर गेलेले असतात, हाकेला कुणी नसतं. जाड सतरंजीवर हा सराव आठवड्यातून दोनदा तरी झाला पाहिजे.

साधनांची बाजारपेठ

चार पायांची काठी सगळ्यात जास्त खपते. टाइल्सवर, कोब्यावर ती उत्तम: सोडली तरी उभी राहते, सुरुवातीच्या आठवड्यांत भरवसा देते. जांभ्याच्या वाटेवर मात्र तीच घात करते. चिरा सपाट नसतो, चारपैकी तीनच पाय टेकतात, भार दिला की काठी डुलते. चारही पाय एका वेळी टेकतील अशी जागा नसेल तिथे रुंद रबरी बुडाची एकपायी काठी बरी. उंची मनगटाच्या घडीइतकी, कोपर थोडं वाकलेलं. काठी चांगल्या हातात. अधू बाजूला धरणारे खूप दिसतात. चौपाई काठीचे बाहेर पसरलेले पाय शरीरापासून लांब ठेवायचे, नाहीतर स्वतःचंच पाऊल त्यात अडकतं.

खाऱ्या हवेचा हिशेब दुकानदार सांगत नाही. उंची कमीजास्त करायची स्प्रिंगची कळ किनाऱ्यावर गंजते, अर्धीच बाहेर येते, आणि एके दिवशी भार पडताच नळी आत सरकते. महिन्यातून एकदा कळ दाबून पाहा, पुसा, थेंबभर तेल सोडा. कळ भोकातून पूर्ण बाहेर आलेली हाताला लागली पाहिजे. खालचं रबर तळाशी गुळगुळीत झालं की बदला. ते किरकोळ पैशांत मिळतं, पण बदलायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

वॉकर ही सगळ्यात जास्त चुकणारी खरेदी. त्याला दोन हात लागतात. ज्याच्या एका हाताची मूठच वळत नाही त्याने वॉकर उचलला की तो तिरका होतो, आणि माणूस त्याच्याबरोबर. दोन्ही हातांची पकड शाबूत असेल तरच घ्या.

पाऊल लोंबत असेल तर पायाचा प्लास्टिक स्प्लिंट मिळतो. तयार साइजचा स्वस्त, मापाचा महाग. फरक पैशांपेक्षा मोठा आहे. घोटा काटकोनात धरून पाऊल घासू न देणं हे त्याचं काम, आणि ते तो पहिल्या दिवशी करतो. पण तो बुटासाठी बनवलेला असतो. आपल्या घरात चपला दारात राहतात, मग पेशंट स्प्लिंट घालून अनवाणी चालतो आणि गुळगुळीत प्लास्टिक टाइल्सवर साबणासारखं घसरतं. घरात वापरण्यापुरता वेगळा बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल ठेवाच; बाहेरची घाण आत येत नाही आणि देवघराचाही प्रश्न सुटतो. अधू पायाचा बूट एक नंबर मोठा लागतो. आत सुती मोजा हवा, कोकणातल्या घामात त्याशिवाय कातडी सोलते. काढल्यावर लाल वण अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट चावतोय. मधुमेहात पायाला ते कळत नाही, म्हणून डोळ्यांनी पाहायचं.

टेबलाखालचं पेडल दमसास वाढवायला बरं आहे, बसून करायचं असल्याने तोलाला काही देत नाही. मुंबईकर मुलगा ऑनलाइन पाठवतो ते थरथरणारं मसाज यंत्र पहिल्या आठवड्यानंतर खाटेखाली जातं. त्या पैशांत फिजिओच्या आणखी भेटी येतात. न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला पक्का बसवलेला स्टीलचा दांडा मात्र सगळ्या यंत्रांपेक्षा वरचा. तो चिऱ्याच्या भिंतीत नुसत्या प्लास्टिकच्या गिट्टीवर टिकत नाही, गवंड्याकडून सिमेंटमध्ये बसवून घ्या.

जांभा, शेवाळ आणि पाऊस

आतल्या टाइल्सवर तरबेज झालेला माणूस अंगणात लहान मूल होतो. चिऱ्याच्या पायऱ्या एकसारख्या नसतात. एक १५ सेंटीमीटर, पुढची २२. त्यामुळे पायरीचा सराव आधी घरात दहा सेंटीमीटरच्या पाटावर, मग उंबरठ्यावर, मग खऱ्या पायऱ्यांवर. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी, काठी नेहमी अधू पायाबरोबर. ज्या पाखाडीने देवळात किंवा रस्त्यावर जावं लागतं तिच्यावर फिजिओने एकदा तरी सोबत यावं. चांगल्या सेवेची ही खूण आम्ही मानतो.

जूनपासून जांभ्यावर हिरवट शेवाळ धरतं आणि सप्टेंबर सरेपर्यंत सुटत नाही. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासलं तरी आठवड्याभरात परत. त्या चार महिन्यांत सराव पडवीत आणा; पागोळ्यांचं पाणी उडतं ती कड सोडून, भिंतीच्या बाजूने. याच दिवसांत फिजिओचे खाडेही वाढतात, वीज जाते, करंटचं मशीन बंद. पॅकेजचे पैसे आगाऊ घेतले असतील तर चुकलेल्या भेटी पुढे मिळणार का, हे आधी ठरवून घ्या. तक्रारी सगळ्यात जास्त यावरूनच होतात.

घरचं माणूस किती करू शकतं

‘दोन भेटींत वहिनींना शिकवून देतो, पुढे त्या करून घेतील’ अशी स्वस्त योजनाही मिळते. मोहात पडण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. भारतातच १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेला ‘अटेंड’ हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडून पुनर्वसन करून घ्यायचं, अशी ती पद्धत होती. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण, घरच्यांना शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, दोन्ही गटांत ४७ टक्के, म्हणजे फरक शून्य. घरच्यांनी करू नये असा याचा अर्थ नाही. व्यायाम कधी अवघड करायचा, गुडघा मागे जातोय की नाही, कुठे थांबायचं, हे पाहणारा डोळा दर आठवड्याला लागतो; तो वहिनींवर टाकता येत नाही, आणि स्वयंपाक, गुरं, बाग सांभाळून तर नाहीच.

उलट, फिजिओ येतो तेवढ्यावरही भागत नाही. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१३ साली शिफारस केली होती ती गरजेच्या प्रत्येक थेरपीला दिवसाला किमान ४५ मिनिटांची. २०२३ मध्ये ती, सगळ्या प्रकारच्या थेरपी मिळून, दिवसाला किमान तीन तास आणि आठवड्यातून पाच दिवस झाली. तेवढं इथे कुणाला परवडणार? पण वाटणी अशी जमते: आठवड्यातून तीन भेटी, प्रत्येक भेटीत व्यायाम एक पायरी वर, आणि मधल्या दिवसांत घरच्यांबरोबर तेच व्यायाम सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास, वहीत आकडे लिहून. जेवणानंतर तासभर नाही. चक्कर, छातीत दुखणं, दम लागून बोलता न येणं यांपैकी काही झालं तर थांबा. तोंड वाकडं, बोबडी वळणं किंवा नव्याने हात-पाय लुळा पडला तर लगेच १०८. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची असते, आणि इथून सीटी स्कॅनपर्यंतचा रस्ता त्यातच धरायचा.

खर्च आणि शेवट कुठे करायचा

परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात खाजगीच्या मानाने नगण्य खर्चात काम होतं. अडचण असते ती रोजच्या प्रवासाची. आठवड्यातून एकदा तिथे तपासून घेऊन बाकीचं घरी, हा मधला मार्ग बऱ्याच घरांना झेपतो. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं ओळखपत्र) असेल तर उत्पन्नाच्या मर्यादेत केंद्राच्या एडिप योजनेतून काठीसारखी साधनं मोफत किंवा सवलतीत मिळतात. ग्रामपंचायतीत शिबिराची चौकशी करत राहा.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, म्हणून पैसे राखून ठेवायचे असतील तर ते नंतरसाठी नव्हे, आत्तासाठी. सहा महिन्यांनी ‘आता होईल तेवढं झालं’ असं ऐकवलं जातं, ते खरं नाही. वर्षानंतर सुरू केलेल्या चालण्याच्या सरावानेही वेग आणि दम वाढतो, फक्त हळू. पण दहा मीटरचे सेकंद सलग चार आठवडे तेच राहिले, व्यायामही तेच राहिले, तर त्या माणसाला पैसे देणं थांबवा. आकडे सुधारत असतील आणि पेशंट स्वतःहून सराव करत असेल, तर भेटी आठवड्यातून एक, मग महिन्यातून एक करा.

नवीन नंबर हाती आला असेल तर फोनवरच विचारा: पदवी कुठली, बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) की नुसता मालिशवाला, पक्षाघाताचे पेशंट सध्या किती, पहिल्या दिवशी काय मोजणार, पाऊण तासात पायावर किती वेळ, पावसात चुकलेल्या भेटींचं काय. पहिल्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर पुढचे विचारत बसू नका.